भिंतीच्या दोन्ही बाजूंची रेघ

माझ्या चाकाने ओढलेली रेघ बरोबर दहा सेंटीमीटर रुंद असते. चुना पातळ झाला की तिच्या कडा विरतात, घट्ट झाला की तिचे तुकडे पडतात. मित्रांनो, मी आयर्लंडमधल्या एका हर्लिंग क्लबाची, मैदानावर रेघा आखणारी जुनी गाडी आहे.

गावच्या लोहाराने मला जुन्या पत्र्यातून घडवले. हर्लिंग हा लाकडी काठ्यांनी खेळायचा आमचा पिढीजात खेळ. रविवारी सारे गाव माझ्या रेघांभोवती उभे राही. "काय सरळ आखलंय!" असे कोणी म्हटले की मैदानाची निगा राखणारा माळी मॅलकी टोपी सारखी करी.

आमच्या मैदानाच्या भिंतीपलीकडे फुटबॉलचे मैदान होते. आमच्या संघटनेचा नियम कडक होता: वरून परवानगी आल्याशिवाय आपल्या मैदानावर दुसरा खेळ नाही, आणि ती परवानगी क्लबानेच मागायची. गंमत म्हणजे, खेळणारी माणसे दोन्हीकडे बरीचशी तीच. नियमात माझे नाव मात्र नव्हते. म्हणून दर शुक्रवारी मॅलकी मला भिंतीतल्या खिंडारातून पलीकडे रेघा आखायला नेई. क्लबाचा अध्यक्ष कोनल ते पाही आणि चहा ढवळत राही.

पुढे रेघा फवारणारे चकचकीत यंत्र आले. मी शेडमागच्या गवतात गंजू लागले. फक्त शुक्रवारपुरती उरले. तेवढ्यासाठी मॅलकी माझ्या आसाला तेल घाली.

नदी अकरा वर्षे पलीकडचे मैदान कुरतडत होती. कोनलची मुलगी सोरखा आमच्याकडे हर्लिंग खेळे आणि पलीकडच्या फुटबॉल संघाची कर्णधार होती. ती अकरा वर्षे फुटबॉलसाठी आमचे मैदान मागत होती. कोनल म्हणे, "पुढच्या बैठकीत बघू." या वसंतात नदीने गोलखांबच नेले. फुटबॉल लीगचे पत्र आले: सोमवारपर्यंत मैदान देणाऱ्या क्लबाचा होकार पाठवा, नाहीतर संघ बाद.

त्या शुक्रवारी मॅलकीने सवयीने मला बाहेर काढले. खिंडारापलीकडे पाणीच पाणी. तो वळला, आणि त्याच सवयीने आमच्याच मैदानावर फुटबॉलच्या रेघा आखू लागला. अर्ध्यावर थांबला. डोके खाजवले. मग उरलेला चौकोन पुरा केला.

शनिवारी सकाळी कोनल ओरडत आला. "मॅलकी! फुटबॉलच्या रेघा? आपल्या मैदानात?"

"हात ऐकेनात रे. चाळीस वर्षांची खोड."

"पुसून टाक!"

"चुनाच तो, पावसानं जाईल. आधी पावलं तरी मोज."

मागून सोरखा आली. "मोजा ना, बाबा. की तेही पुढच्या बैठकीत?"

कोनल ओठ हलवत चालू लागला. फुटबॉलचे अख्खे मैदान आमच्या मैदानाच्या पोटात मावले होते. दोन्ही अंगांना दहा-दहा पावले उरली. त्याने पुन्हा मोजले. तेवढीच भरली.

मित्रांनो, माझा आस कोरडा असता तर ही चूक घडलीच नसती. म्हणून सांगते, जुन्या चाकांना तेल घालत जा. ती कोणत्या दिवशी कामाला येतील, कोणी सांगावे?

कोनल माझ्याशेजारी येऊन थांबला. माझ्या दांड्यावर हात ठेवून तो मुलीकडे वळला.

"सोरखा, दोन पत्रं लिही," तो म्हणाला. "एक लीगला होकाराचं, एक आपल्या संघटनेला परवानगीसाठी. सह्या माझ्या. मैदान आपण देतोय."