मरीआईचा कोंबडा

नवापुराकडे कोंबड्या पटापट मेल्याची बातमी आली, तशी मूलचंदशेठांनी आपल्या बियाण्याच्या कारखान्यात तयारी सुरू केली. फाटकाशी चुना टाकला. तोंडाला बांधायच्या पट्ट्या ऑफिसात वाटल्या. बी निवडणाऱ्या बायांना पदर होताच. मुकादम तातेरावाने बायांना बजावलं, ज्यांच्या घरी कोंबड्या त्यांनी कामावर यायचं नाही.

होळीनंतर गोजरबाईला कायम करतो, असं शेठ बोलले होते. तिच्या दारात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. नातवाचा ताप उतरला तेव्हा तिने तो कोंबडा मरीआईला बोलला होता आणि खूण म्हणून त्याच्या पायात लाल दोरा बांधला होता. शेजारची बेबीनंदा कारखान्यात तिच्याच शेजारी बसायची. ती म्हणाली, ‘मावशी, डालग्याखाली झाक अन् न्हाई म्हण.’ पण खोटं बोललं की गोजरबाईची जीभ अडखळायची. त्याच संध्याकाळी तिने सगळ्या कापल्या आणि लिंबाखाली पुरल्या. कोंबड्यावर सुरी धरताना देवीला म्हणाली, तुझाच आहे, जरा आधी देते.

तातेराव नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा नव्हता. म्हणून सकाळी तिने दोऱ्यासकट काढून ठेवलेला कोंबड्याचा पाय पदराला बांधून नेला आणि फाटकात गाठ सोडली.

‘समद्या कापल्या, मुकादम. हे बघा.’

तातेराव मागे सरला. ‘मेल्या पाखराला हात लावणाराला आधी बाहेर काढायचं, असं फळ्यावर लिव्हलंय. वाचलं न्हाईस?’

तिला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कधी येऊ, असं तिने विचारलं. हंगाम सरल्यावर बघू, तो म्हणाला.

‘बेबीनंदाच्या डालग्याखाली हाईत की अजून,’ गोजरबाई म्हणाली. बेबीनंदा मागेच उभी होती.

‘असतील. तिनं फाटकात आणल्या का? जरा शिक तिच्याकडून.’

बायांत कुणीतरी हसलं. तातेरावाने तिला तो पाय चुन्यात टाकायला लावला, लांबूनच तिच्या हातांवर फिनेल ओतलं आणि फाटक लावून घेतलं.

ती घरी आली तेव्हा लिंबाखालची भुसभुशीत माती उकरली जात होती. बेबीनंदाच्या कोंबड्या डालग्याखालून निसटून आल्या होत्या. गोजरबाईने दगड उचलला. मेल्या पाखराला हात लावायला आता तिला कुणाचीच आडकाठी नव्हती. तिने नेम धरला.