दाढ गेली, खडा राहिला

भट्टीचं दार उघडलं की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तिच्या जबड्यात कळ उठायची. डावीकडे, हाडाच्या खाली, लिंबाएवढी गाठ वर यायची आणि तासाभराने आपसूक उतरायची. ताज्या पावांचा ट्रे हातात धरून ती डोळे मिटून उभी राहायची. बेकरी स्वतःचीच, त्यामुळे रजा तरी कुणाकडे मागणार?

"घरात दातांचा डॉक्टर असताना दुखणं अंगावर काय काढतेस?" आई म्हणाली.

डॉक्टर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याने तिला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाला, "दाढ किडलीय. काढून टाकू."

"अरे, पण दुखतं ते खायला घेतलं की. नुसता वास आला तरी..."

"ताई, आ कर."

आ वासलेल्या तोंडाने माणूस काय बोलणार? दाढ निघाली. ट्रेमध्ये पडलेली तिने पाहिली, पांढरीशुभ्र, कुठे डाग नाही. विचारायचं होतं, पण तोंडात कापसाचा बोळा होता.

जखम भरली. पहिल्याच दिवशी भट्टी उघडली आणि गाठ पुन्हा हजर.

"शेजारचीही काढावी लागेल," भाऊ म्हणाला.

"तिला काय धाड भरलीय?"

"तुला जास्त कळतं की मला?" पण ती दाढ तिने काढू दिली नाही.

आई म्हणाली, "त्याला काय तुझं वाईट करायचंय?" नवरा म्हणाला, "सारखी चिडतेस म्हणून दुखतं. जरा शांत राहत जा." हे ऐकून तिने कणकेचा गोळा असा आपटला, की फळीवरची चाळण खाली आली. दुखणं तिचं, तोंड तिचं, आणि त्या तोंडातून निघालेला शब्द मात्र कुणाला ऐकू जात नव्हता!

कुणाला न सांगता ती कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई वयस्कर होत्या. त्यांनी विचारलं, "कधी दुखतं?" आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलल्या नाहीत. मग लिंबाचा रस प्यायला दिला. "आता दोघी गप्प बसून बघू."

बघता बघता गाठ वर आली. बाईंनी हातमोजा चढवून एक बोट तिच्या जिभेखाली घातलं, दुसऱ्या हाताने जबडा खालून दाबला. काहीतरी टणक टोचलं.

"जबड्याखाली लाळेची ग्रंथी असते," बाई म्हणाल्या. "तिची नळी जिभेखाली उघडते. तुमच्या नळीत खडा अडकलाय. लाळ सुटते, वाट मिळत नाही, मग ग्रंथी फुगते."

"आणि माझी दाढ?"

बाईंनी एक्स-रे काढून घेतला आणि तो दिव्यासमोर धरला. "खडा हा इथे दिसतो. शेजारच्या दाढा ठणठणीत आहेत. काढलेली मी पाहिलेली नाही, काय सांगू?"

तिने पाहिली होती. कानशिलं तापली.

पुढच्या आठवड्यात जिभेखाली बधिर करून, बारीकशी चीर देऊन बाईंनी खडा काढला. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, पिवळट. मागोमाग साठलेली दाट, खारट लाळ भळाभळा आली. कितीतरी महिन्यांनी जबडा हलका झाला. राग मात्र तसूभरही हलला नाही.

टाका सुकल्यावर खड्याची बाटली घेऊन ती थेट भावाच्या दवाखान्यात गेली. बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या.

"ताई, लोक आहेत. आत चल."

"आत नको. आत गेलं की तू तोंडात बोळा कोंबतोस."

कोणीतरी फिसकन हसलं. तिने बाटली त्याच्या नाकासमोर धरली. "हा जिभेखाली होता. बोट घालून बघितलंस एकदा तरी?"

"लक्षणं दाढेसारखीच..."

"लक्षणं मी सांगत होते! तू ऐकलीस कुठे?"

"होतं असं कधीकधी," तो पुटपुटला. "नवी दाढ बसवून देतो ना."

"ती मी दुसरीकडे बसवीन. माझ्या तोंडाला तू पुन्हा हात लावायचा नाहीस."

गालाला रुमाल बांधलेले एक आजोबा गुपचूप उठून बाहेर पडले.

संध्याकाळी आईचा फोन. "चारचौघांत भावाची अब्रू घालवलीस!"

"त्याने माझी दाढ घालवली. अब्रू परत येईल, आई. दाढ नाही यायची."

रविवारी भाऊ बेकरीत आला. गिऱ्हाइकं होती. तो गल्ल्याकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं."

"मोठ्याने बोल."

"चुकलं, ताई. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

तिने मान हलवली. ट्रेमधला गरम पाव उचलला, मोडला आणि त्याच्यासमोरच खाऊ लागली. तो बघत राहिला. सवयीने विचारून गेला, "एकाच बाजूने का चावतेस?"

"दुसऱ्या बाजूला दाढ नाहीये," ती म्हणाली.

तो मैद्याच्या पोत्यावर मटकन बसला. तिने त्याला ऊठ म्हटलं नाही, आणि पावही दिला नाही.