आबांचे गाऱ्हाणे

आबांनी घसा खाकरला, की देवळाच्या कौलांखालचे पारवे भर्रकन उडत आणि सभामंडपातली कुजबुज जागच्या जागी थांबे. शरदातले कोवळे ऊन, कापराचा धूर, केरीच्या किनाऱ्यावरून येणारी समुद्राची संथ गाज, आणि या साऱ्यांच्या मधोमध माझे थोरले काका, आबा, हातात नारळ धरून अर्धोन्मीलित नेत्रांनी उभे. देह काटकुळा, पण स्वर असा भरदार, की एवढा आवाज हा माणूस ठेवतो तरी कुठे, असा प्रश्न पडावा!

गाऱ्हाणे म्हणजे नुसती तक्रार समजणाऱ्यांचे मला हसू येते. आमच्याकडे गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाने एका कंठातून देवाशी बोलणे. कुणाची गाय आटलेली, कुणाचा मुलगा आखातात निघालेला, कुणाचे भात रानडुकरांनी लोळवलेले. लोक आदल्या दिवशी आमच्या अंगणात येऊन सांगून जात, आणि ती सारी सुखदुःखे आबांच्या मुखातून देवापुढे वाहत. प्रत्येक मागण्याअंती आबा 'म्हाराजा' म्हणून थांबत आणि सारा गाव गर्जे, "व्हय म्हाराजा!" देवासमोर एकदा व्हय म्हटले, की ते मागणे सगळ्यांचे. मागाहून अंग काढून घ्यायची सोय नाही.

एरवी आबा अत्यंत मितभाषी. काकी वैतागून म्हणे, "देवाकडे बोलूक तोंड आसा, आणि माझ्याकडे निस्तो हुंकार!" त्यावरही हुंकारच!

गोवा राज्य झाले, त्यानंतरचे एक साल. नव्या भाताच्या लोंब्या देवाला वाहायचा दिवस तोंडावर आला होता. शेजारच्या शशीला पणजीला नर्सिंगचा प्रवेश मिळाला होता आणि तिचे वडील वासुदेवकाका तिला सोडायला तयार नव्हते. ते पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवत. प्रेमळ, पण हट्टाला पेटले की ऐकायचे नाव नाही. "चेडवान वसतिगृहात ऱ्हवाचा नाय," म्हणून त्यांनी लेकीचा विषय मिटवला होता. आदल्या दिवशी शशी आली, डोळे सुजलेले.

"आबा, माझापण एक शब्द घाला देवाकडे."

आबांनी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणे रंगात आले. होकारामागून होकार उठत होते, आणि सर्वांत मोठा गळा वासुदेवकाकांचा. सूर तसूभरही न बदलता आबा म्हणाले, "ह्या वासुदेवाचा चेडू शिकूक पणजेक जाता, तेच्या वाटेत आडखळ इली तर ती दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत आधी वासुदेवकाकाच!

मग अर्थ त्यांच्या ध्यानात आला. तोंड उघडे ते उघडेच राहिले. शशीने माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. आबा मात्र तोवर कुणाच्या तरी आजारी बैलापर्यंत पोचले होते. हे त्यांनी मुद्दाम केले का? पुढे मी विचारले तर म्हणाले, "शशीन सांगल्यान, मी म्हटलंय." बस्स.

प्रसाद घेताना वासुदेवकाका आबांसमोर येऊन थबकले. लोक भोवती गोळा झाले.

"आबा, तुमी म्हणजे..." आणि त्यांना हसू फुटले, डोळे मात्र भरलेले. "देवाकडे व्हय म्हटलंय. आता काय करतलंय?"

त्याच आठवड्यात पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन ते स्वतः तिला पोचवून आले. माझा आनंद गगनात मावेना.

आबा गेले, वासुदेवकाकाही गेले. दोघांचे आवाज आता कुणालाही ऐकू येणार नाहीत. पण एका बापाच्या तोंडून अवचित निसटलेल्या त्या होकारावर त्याच्या लेकीचे अवघे आयुष्य आजही सुखाने उभे आहे, आणि तिथे काळाचे काही एक चालत नाही.