तापली की बंद पडते

भुतांच्या महिन्यात गाडीचं काम काढू नये असं गावात सगळेच म्हणत, आणि थ्येन-लाय सगळ्यांना हसत असे. उभा जन्म गाड्यांच्या पोटाखाली काढलेल्या माणसाला भुताचं काय भय? बिघाडाला ना महिना कळतो ना मुहूर्त. पण त्याच्या एकुलत्या एका मुलीची, पेइ-रुंगची जुनी पांढरी गाडी चालता चालता दुसऱ्यांदा बंद पडली, आणि तीही कड्यावरच्या रस्त्यावर, बोगद्याच्या तोंडाशी, तेव्हा तोही हसायचा थांबला.

त्या रस्त्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली थेट समुद्र. वर सिमेंटचे ट्रक दामटत येतात. पेइ-रुंग हुआलिएन शहरातल्या इस्पितळात नर्स होती. जायला दुसरा रस्ताच नव्हता.

"इंजिन एकदम गप्पच झालं, बाबा. स्टिअरिंग वळेना, ब्रेक दगडासारखा. मागचा ट्रकवाला इतक्या जवळून गेला की माझा आरसाच घेऊन गेला. आणि जरा वेळाने चावी फिरवली तर शहाण्या बाळासारखी चालू!"

"भल्या भावांनी धरली असेल," पी-श्या, तिची आई, दारातूनच म्हणाली. या महिन्यात भुतांना भुतं म्हणायचं नाही, भले भाऊ म्हणायचं.

"भल्या भावांना कामधंदे नाहीत वाटतं? तापली की बंद पडते, निवली की चालू होते. हे सेन्सरचं दुखणं आहे."

"मागच्या वेळी पण हेच म्हणालास, म्हाताऱ्या."

हे मात्र त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. मागच्या वेळी त्याने गाडीला तपासणी यंत्र जोडलं होतं, यंत्राने क्रँक सेन्सरचं नाव घेतलं होतं, आणि त्याने खालून हात घालून नवा सेन्सर बसवून टाकला होता. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरतोय की नाही हे त्याच्या मेंदूला सांगणारा तो बोटाएवढा सेन्सर. तो मुका झाला की मेंदू ठिणगीच तोडतो. यंत्र आताही तेच नाव घेत होतं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. आपल्या आळसापायी पोर आज समुद्रात गेली असती, या विचाराने त्याला स्वतःचीच चीड आली.

या वेळी त्याने घाई केली नाही. सेन्सर काढला, पी-श्याच्या केस वाळवायच्या यंत्राने चांगला तापवला आणि मीटर लावून पाहिला. तापूनही काटा योग्य आकड्यावरून हलला नाही. सेन्सर निर्दोष होता. मग टॉर्च हातात घेऊन तो सेन्सरच्या वायरीमागे निघाला, खालून वर, एक्झॉस्टच्या पत्र्यामागे, जिथे कुणी बघत नाही तिथपर्यंत.

तिथे वायर आपल्या खाचेत नव्हती. लाल दोऱ्याने ती एका पट्टीला आवळून बांधलेली होती आणि दोऱ्याला मात्सू देवीच्या मंदिरातली अंगाऱ्याची पुडी लटकत होती. ओढ बसून वायर एक्झॉस्टच्या तापत्या नळीला टेकली होती. तिचं आवरण वितळून आतलं तांबं उघडं पडलं होतं.

त्याला सगळा उलगडा झाला. नववर्षाला पी-श्याने ही पुडी गाडीतल्या आरशाला टांगली होती, आणि पेइ-रुंगने दुसऱ्याच दिवशी काढून आईच्या हातात दिली होती. "सगळ्या जणी हसतात गं मला." त्या दिवशी पी-श्या एका शब्दानेही भांडली नव्हती. असं कधी होत नसे, पण त्याने तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

त्याने दोरा कापला, जळका तुकडा काढून नवी वायर जोडली, वर उष्णता अडवणारी नळी चढवली आणि वायर पुन्हा खाचेत पक्की बसवली. मग घाटात गाडी पार तापेपर्यंत पिदडली. बंद पडली नाही. पुडी त्याच्या खिशात होती.

घरी आला तेव्हा पी-श्या अंगणात भल्या भावांसाठी ताट मांडत होती. बिस्किटं, बिअरचे डबे, उदबत्त्या. ओठ हलत होते, त्यात लेकीचं नाव होतं. तिला काय सांगायचं? तू बांधलेल्या देवीनेच पोरीला कड्यावर नेलं होतं म्हणून? जन्मभर झोपली नसती ती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"वायर गेली होती," तो म्हणाला. "बदलली."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्याचा पंप दुरुस्त करून तो घरी आला, तर गाडी जागेवर नव्हती. पेइ-रुंग कामावर गेली होती. पी-श्या नळावर हात चोळत होती, आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती.

"हाताला काळं कशाचं?"

"रागावणार नसशील तर सांगते. देवीची पुडी होती गाडीत, तुम्हा दोघांपासून लपवून बांधलेली. काल बघते तर नाही! कुठेतरी गळून पडली. म्हणून तर गाडी बंद पडत होती. आज मंदिरातून दोन आणल्या."

"कुठे बांधल्यास?"

"तिथेच, पण आणखी खोल. तू ती नवी वायर घातलीयस ना, तिलाच ओढून बांधल्या. आणि या वेळी दोरा नाही, तार वापरली. आता नाही पडायच्या."

थ्येन-लायने खिशातून ती काळी पडलेली पुडी, जळक्या दोऱ्यासकट, काढून ओट्यावर ठेवली. "पडली नव्हती. मी काढली. वायर हिनेच जाळली होती."

पी-श्याने जळका दोरा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"काल का नाही सांगितलंस?"

तो पेइ-रुंगला फोन लावत होता. पलीकडे घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना काही झालं तरी फोन उचलायचा नाही, ही शिस्त त्यानेच लेकीला लावली होती. त्याने पुन्हा लावला. इंजिन तापायला लागतो तेवढा वेळ केव्हाच होऊन गेला होता.