पडद्यावर डोंगर, तोंडी ‘ठीक’

मी चकती बोलतेय, तीही एका आजोबांच्या कपाळावरून, तेव्हा फार हलता येणार नाही. बटणाएवढी, चांदीचा मुलामा, मागे वायरची शेपटी. जन्मल्यापासून लोकांच्या कपाळी येणं हाच माझा धंदा. कान तपासणाऱ्या बाई गार पेस्ट लावून मला चिकटवतात. कानात आवाज सोडला की मेंदूत विजेची बारीक लाट उठते. ती पकडून मी पडद्याकडे धाडते. दुसरं काही मला येत नाही, पण एवढ्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आज मात्र मी शहारलेय! हे आजोबा चाळीस वर्षं लाकूड कापायच्या कारखान्यात करवतीपाशी होते. पहिलं श्रवणयंत्र त्यांनी आठवड्यात ड्रॉवरमध्ये टाकलं. का, ते सांगेनात. आजींनी बजावलंय, हे दुसरंही तिथेच गेलं तर मी बोलणंच सोडीन.

बाई आवाज वाढवत गेल्या, कसा वाटतो विचारत गेल्या. आजोबा म्हणाले, ठीक. आणखी वाढवला, तरी ठीक. इकडे माझ्याखाली लाट अशी उसळली की वायर तुटते की काय! बाई बुचकळ्यात पडल्या. लाटेची उंची माणसागणिक वेगळी, त्यामुळे नुसत्या माझ्या शब्दावर यंत्र लावता येत नाही, हे मलाही कबूल आहे. पण आजोबांच्या शब्दावर लावलं तर कानाचे हालच.

आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, “त्यांचं ‘ठीक’ धरू नका. दाढ उपटली तेव्हाही ठीकच होते.”

बाईंना युक्ती सुचली. “आजोबा, आजींचा हात धरा. आवाज जेवढा मोठा, तेवढा जोरात दाबा. बोलायचं नाही.”

हलक्या आवाजाला हात नुसता धरला गेला. मधल्याला जरा आवळला. त्याच्या पुढच्याला आजी कळवळल्या, “अहो, बोटं आहेत ती, ओंडका नव्हे.”

काय सांगू! लाट चढेल तसा पंजा चढत होता. आमचं दोघांचं एकमत. तोंड तेवढं फितूर. बाईंनी पंजाच्या मापानं यंत्राचा आवाज खाली आणला आणि ते आजोबांच्या कानात बसवलं.

आजी सवयीनं कानाशी वाकून ओरडल्या, “ऐकू येतंय का?”

“ओरडतेस कशाला? शेजारीच तर आहे.”

आजी जरा मागे झाल्या. मग काहीतरी पुटपुटल्या. काय ते मलाही कळलं नाही, इतकं हळू. लाट अगदी चिमुकली उठली. आजोबांनी हात मात्र करकचून दाबला.

बाई कापूस घेऊन मला पुसायला येतायत. बाई, जरा दमानं घ्या ना.