मुसंग म्हणजे मुंगूस

रोकियाबाईंच्या खुराड्याच्या कडेने गुडघ्यावर बसून मी दगड रचत होतो आणि जाई एकेक दगड हातात देत होती. तिथली माती लाल आणि चिकट. आमच्या विट्याकडची माती मुठीतून सांडते, ही बोटांना धरून बसत होती. सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी बनियन अंगाला चिकटलं होतं.

"आबा, अजून किती दगड?"

"जितं फट दिसंल तितं एक. मुंगूस उकरून आत शिरतंय. दोन बोटांची फट म्हंजे त्येला दरवाजाच."

रोकियाबाई पायरीवर उभ्या होत्या. वर बोट दाखवून त्या काहीतरी बोलल्या. ऊन वाढलंय म्हणत असतील, असं मला वाटलं. मी मान हलवली आणि पुढचा दगड बसवला.

हे पुलाउ उबीन बेट. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटपासून चांगीपर्यंत बस आणि तिथून लाकडी बोट. बारा माणसं जमल्याशिवाय बोटवाला निघत नाही. शैलेंद्र आणि विभा, माझा मुलगा आणि सून, सुट्टीच्या दिवशी तिथे सायकली चालवायला जात. मला आणि त्यांच्या आठ वर्षांच्या जाईला ते रोकियाबाईंच्या दारातल्या बाकावर बसवून जात. बाई शहाळी विकत. सत्तरी गाठलेली बाई, लुंगीसारखं सारोंग नेसलेली, एकटी. पत्र्याचं घर, मागे फणस, फणसाखाली खुराडं.

ही दोन हजार चौदाची गोष्ट. सुरेखा, माझी बायको, त्या फेब्रुवारीत गेली आणि एप्रिलात शैलेंद्रने मला इकडे परदेशात, त्याच्या घरी आणलं. दिवस येत होते, जात होते. विभा रोज विचारायची, "आबा, काय करू खायला?" मी म्हणायचो, "काय बी कर." रुसवा नव्हता. खरंच काही आठवत नव्हतं, की मला काय आवडतं.

बाईंच्या नऊ कोंबड्यांतल्या पाच उरल्या होत्या. रात्री काहीतरी येत होतं आणि एक घेऊन जात होतं. बाईंचा मुलगा पलीकडे शहरात, बुकित पंजांगला राहतो. फ्लॅटवर चल म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. शेवटी बाई त्याला म्हणाल्या होत्या, कोंबड्या संपल्या की येते. त्यालाही तेवढंच हवं होतं. दर रविवारी बोटीतून उतरला की आधी तो खुराड्यातल्या कोंबड्या मोजायचा.

"कोन न्हेतंय कोंबड्या?" मी जाईकरवी विचारलं होतं; बाईंची भाषा तिला शाळेमुळे थोडीफार येत होती.

"मुसंग," बाई म्हणाल्या.

"आबा, मुसंग म्हणजे?"

"मुंगूस. शब्द बी सारकाच हाय बग."

एकतीस वर्षं मी तिसरी-चौथीच्या पोरांना शिकवलं. मुंगूस दिवसा हिंडतं, रात्री बिळात झोपतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. तरी तेव्हा मनात आलं ते एवढंच, की इथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे, मुंगसाचंही काही वेगळं असेल. पुढे विचार केला नाही. त्या दिवसांत डोक्याला काम द्यायचं मी टाळतच होतो.

पुढच्या शनिवारी गेलो तर तीन कोंबड्या. दगड जागच्या जागी, एकही हललेला नाही.

"आबा, टू मोर गेल्या," जाई म्हणाली. "त्यातली एक ठिपकेवाली."

रोकियाबाई रागावल्या नाहीत. मी मास्तर होतो हे जाईने सांगितल्यापासून त्या मला चिकगू म्हणत, त्यांच्या भाषेत गुरुजी. कमरेवर हात ठेवून त्या काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"काय म्हनत्यात?"

जाईने आधी माझ्या दगडांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चिकगूने दगड छान लावले. मुसंग त्याच्यावर बसून जेवला."

मीही हसलो असतो. हसू कुठून सुरू करायचं ते सापडलं नाही. उरलेल्या तिघींतली एक काळी कोंबडी खुडूक होऊन सात अंड्यांवर बसली होती. ती जागची उठत नव्हती. जे येत होतं त्याला पळापळसुद्धा करावी लागणार नव्हती.

"बाईंना म्हन, मूठभर पीठ द्या."

"कशाला?"

"पाऊल बगाया."

बाईंनी तांदळाच्या पिठाचा डबाच आणून दिला. संध्याकाळी शेवटच्या बोटीआधी मी खुराड्याभोवती वीतभर रुंद पट्टा पसरला, रांगोळीसारखा पातळ. जाईला बोटाने मातीत काढून दाखवलं: कुत्र्याची चार बोटं आणि नखं, मांजराची चार आणि नखं आत, मुंगसाची पाच. ती ते पुन्हा पुन्हा गिरवत बसली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्याकडं मानूस गेलं की धाव्या राती पाटावर पीठ पसरत्यात. वर पाटी उपडी घालत्यात. सकाळी ज्येचं पाऊल उमटंल त्या जल्माला मानूस गेलं म्हनायचं."

"आजीचं केलं होतं?"

"केल्तं."

"मग कोणाचं पाऊल आलं?"

"कुनाचंच न्हाई. पीठ कोरं हुतं."

मेहुणा म्हणाला होता, ही बघा मुंगीची रेघ. सगळ्यांनी वाकून पाहिली. मला दिसली नाही. दिसली, असं मी म्हणालो होतो.

रविवारी पहाटेच धक्क्यावर गेलो. आम्ही दोघे, शैलेंद्र आणि गळ घेतलेले काही म्हातारे. जाई माणसं मोजत होती. नऊ. दहा. बारावा माणूस येईपर्यंत उजाडलं.

खुराड्यात दोन कोंबड्या. काळी अंड्यांवर होती, पिसं फुलवून. तिसरीची चार पिसं जाळीला लटकत होती. बाई पायरीवर बसून होत्या, आज त्या हसल्या नाहीत.

आणि पीठ कोरं. सगळा पट्टा मी वाकून फिरलो. एक बोट नाही, एक ओरखडा नाही. मी तिथेच उकिडवा बसलो. काही वाटलं नाही. कोरं पीठ मी याआधी पाहिलं होतं.

"खाली काहीच नाही ना आबा," जाई म्हणाली, "मग वरून आलं!"

मी मान वर केली, तेवढ्यात वास आला. आंबेमोहर शिजताना झाकण उचललं की येतो तो.

"बाईंचा भात शिजतुया का?"

जाईने विचारलं. चूल पेटलेली नव्हती. बाई उठून आल्या, दोनदा वास हुंगला आणि वर बोट दाखवलं. मागच्या रविवारी दाखवलं होतं तसंच.

"पांदान," त्या म्हणाल्या. "मुसंग."

भातात घालतात त्या हिरव्या पानाचं नाव पांदान, एवढं मला ठाऊक होतं. शैलेंद्रने शिडी लावली. पत्र्यावर चिखलाची पाच-पाच बोटं होती, थेट फणसाच्या फांदीपासून आलेली. बाजूला विष्ठा, तिच्यात फळांच्या बिया. पत्र्याचं एक टोक उचललेलं, खाली माझा हात मनगटापर्यंत जाईल एवढी फट. भाताच्या वासाचं, फळं आणि कोंबड्या खाणारं, झाडावरून उतरणारं जनावर आमच्याकडेही आहे. लहानपणी वडिलांनी चिंचेवर दाखवलं होतं.

"जाई, हिकडं ये. मुसंग म्हंजे मुंगूस न्हाई. उदमांजर. चुकीचं शिकिवलं म्या तुला."

"इट्स ओके आबा."

"ओके कसलं? त्या पायी तीन कोंबड्या गेल्या."

मग दिवसभर काम. शैलेंद्रने गेल्या दहा वर्षांत लॅपटॉपपेक्षा जड काही उचललं नव्हतं. तो फणसावर चढला आणि फांदी कापायला त्याने तास लावला. रोकियाबाई खालून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" त्याने वरून विचारलं.

"माकडं तुझ्यापेक्षा फास्ट आहेत!" जाई ओरडली.

मी पत्र्याखाली दुहेरी जाळी ताणली, दर चार बोटांवर खिळा मारला, टोकावर फळी ठोकली. खाली रचलेले दगड तसेच राहू दिले.

दुपारी बाईंचा मुलगा आला. त्याने मोजलं. दोन. आईशी तो हळू आवाजात बोलला. बाईंनी दोन बोटं वर केली आणि मग आठ. दोन आहेत, आठ दिवस थांब.

आठ दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा तो आधीच आलेला होता, पायाशी दोन रिकाम्या पिशव्या. फळीवर नखांचे ओरखडे होते, पांढरे, खोल. जमेल तेवढं ते जनावर झटलं होतं. आत कोंबड्या दोन. काळीच्या पोटाखालून बारीक चिवचिव येत होती.

बाईंनी मुलाला हात धरून खुराड्यापाशी नेलं आणि मोजायला लावलं. पिलं त्याला नीट मोजता येईनात, ती सारखी आत पळत होती. त्याच्या पिशव्यांत बाईंनी शहाळी भरली आणि त्याला बोटीवर पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चिकगू," आणि फणसाच्या शेंड्याकडे बोट केलं. या वेळी मी आधी वर पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्यांना फक्त पिकलेला फणस द्यायचा होता.

परतीच्या बोटीत जाईने आधी माणसं मोजली. मग म्हणाली, "आबा, आजीचं पीठ कोरं होतं, तेव्हा तुम्ही वर पाहिलं होतं?"

"न्हाई," मी म्हणालो.

घरी विभाने रोजच्यासारखं विचारलं, "आबा, काय करू खायला?"

मी चपला काढत होतो.

"आंबेमोहर मिळतुया का गं हितं?"