कोमट पाणी

चौदा फेब्रुवारीला बाजारात लाल फुगे विकायला येतात, म्हणून त्याच दिवशी वसाहतीतल्या मराठी मंडळात मातृ-पितृ पूजन ठेवायचं, ही कल्पना भाऊसाहेब दळवींची. मुलांनी आई-वडिलांना खुर्चीत बसवायचं, त्यांचे पाय परातीत घेऊन धुवायचे, पुसायचे, गंध लावायचं, ओवाळायचं. फरीदाबादसारख्या गावात, जिथं मराठी घरातली मुलंसुद्धा ‘आई, पानी दे ना’ म्हणतात, तिथं एवढं तरी टिकावं असं पुष्कळांना वाटे. ते वाटणं खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

भाऊसाहेब केंद्र सरकारच्या एका कार्यालयात सेक्शन ऑफिसर होते आणि मंडळाचे अध्यक्ष. धाकटी मुलगी संपदा बारावीत होती. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात तिला मानसशास्त्राला प्रवेश मिळाला होता. मार्चअखेरपर्यंत होकार कळवला नाही तर जागा जाणार होती. राहायचं मात्र होस्टेलवर, आणि त्या शब्दाला दळव्यांच्या घरात जागा नव्हती. थोरली कादंबरी बंगळुरूच्या होस्टेलवरूनच एका मल्याळी मुलाशी लग्न करून मोकळी झाली होती. भाऊसाहेबांनी तिचा फोटो भिंतीवरून उतरवला नाही. त्याच खिळ्याला त्यांनी दिनदर्शिका टांगली. महिना संपला की हेमलताबाई पान उलटायला उठत, तेव्हा पानाखालून कादंबरीची हनुवटी क्षणभर दिसे.

"मुलीच्या शिक्षणाला माझा विरोध नाही," भाऊसाहेब म्हणाले. "पण जे शिकायला घर सोडावं लागतं, ते शिक्षण मुळात घर सोडायलाच शिकवतं."

"बाबा, पुणं आहे. आत्या आहे तिथं."

"बंगळुरूला मामा होता."

संपदा गप्प बसली. ही मुलगी भांडत नसे. गप्प बसून तिथंच उभी राही, आणि ते भाऊसाहेबांना भांडणापेक्षा जास्त झोंबे.

"अच्छा," ते शेवटी म्हणाले. "जायचंय ना तुला? जा. पण यंदा पूजनाला आमचे पाय धू. सगळ्यांसमोर. थोरलीनं कापलेलं नाक धाकटीनं जोडलं, हे लोकांना दिसू दे. त्याच संध्याकाळी तुझ्यासमोर पुण्याला होकार कळवतो."

"प्रॉमिस?"

"आपल्यात वचन म्हणतात. वचन."

स्वयंपाकघरात हेमलताबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "धू गं. पाय धुतल्यानं तू काय झिजणारेस?"

"पाय धुवायचं काही नाही आई. थोरलीनं, धाकटीनं... मी काय फेव्हिकॉल आहे?"

हेमलताबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं, कारण बाहेर भाऊसाहेब होते.

पायांबद्दल एक गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती. भाऊसाहेबांना जुना मधुमेह होता आणि दोन्ही पायांची संवेदना घोट्यापर्यंत गेली होती. एकदा ऑफिसातून येताना त्यांची एक चप्पल मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर निसटली आणि ते तसेच घरापर्यंत चालत आले. दारात हेमलताबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना कळलं. दुसऱ्यांदा त्यांच्या टाचेत टाचणी घुसली होती. मोज्यावर रक्ताचा ठिपका बघून ती संपदानं उपटून काढली. भाऊसाहेब पेपर वाचत होते, त्यांनी पानही खाली केलं नाही. तेव्हापासून रोज रात्री हेमलताबाई त्यांचे तळवे बघत आणि आंघोळीच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवत.

बाहेर मात्र हे कुणाला कळता कामा नये. मंडळात ते संयमावर बोलत. "जिभेवर ताबा नाही त्याच्या रक्तात साखर," हे त्यांचं आवडतं वाक्य. गोड वाटलं जाई तेव्हा ते एक पेढा घेत, सगळ्यांच्या देखत खात, आणि घरी येऊन जास्तीची गोळी घेत.

पूजनाच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. सामुदायिक सभागृहाच्या मागच्या बाजूला हलवायानं चहाचं पाणी उकळत ठेवलं होतं. सेक्रेटरी दीनानाथ उपाध्ये पहाटेपासून धावत होते. भाऊसाहेबांचं कुठलंही काम त्यांना जास्त वाटत नसे. पाय धुवायला त्यांनी दोन बादल्या पाणी तापवून आणलं होतं, पण एकेक कुटुंब होता होता ते निवून गेलं. अध्यक्ष म्हणून दळव्यांची पाळी अगदी शेवटी आली.

दोघं खुर्च्यांवर बसले. आधी आई. संपदानं हेमलताबाईंचे पाय परातीत घेतले आणि तांब्या ओतला.

"अगं आई गं!" हेमलताबाईंनी पाय वरच घेतले. "बर्फ आहे की काय!"

सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जावयाचे पाय असल्या पाण्यानं धुऊ नका हो वहिनी, मांडवातून पळेल!" पुन्हा हशा. संपदाही हसली. तिनं आईचे पाय भरभर धुतले, पुसले, आपल्याच शालीत गुंडाळले. परात रिकामी करून, तांब्या घेऊन दीनानाथ मागे पळाले. "अध्यक्षांना गार पाणी? छे छे. आलोच."

मधला वेळ रिकामा जाऊ नये म्हणून भाऊसाहेबांनी माइक मागून घेतला.

"मित्रहो, एक आनंदाची बातमी देतो. आमच्या संपदाला पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला." टाळ्या झाल्या. ते थांबले. मोठ्या वाक्याआधी थांबायची त्यांना सवय होती. "मिळाला, आणि तिनं तो नाकारला. काल रात्री ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला दोघांना सोडून मला काहीही शिकायचं नाही. मी इथंच शिकेन, घरी राहून. याला मी संस्कार म्हणतो. डिग्री बाजारात मिळते. हे मिळत नाही."

टाळ्या थांबेनात. बायकांनी डोळे पुसले. हेमलताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग मुलीकडे. त्यांचं तोंड उघडं होतं, पण फोटोग्राफरनं "आंटी जी, स्माइल" म्हटल्यावर त्यांनी ते मिटलं.

संपदा परातीपुढं गुडघ्यावर होती. काल रात्री ती कुणाजवळ गेली नव्हती.

दीनानाथ तांब्या फडक्यात धरून आले, तिच्याजवळ ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, "चहाचं पाणी आहे हं, कडकडीत. हात घालू नकोस. थांब, विसण आणतो." आणि गार पाणी आणायला पुन्हा मागे पळाले.

"चलो बेटा, जल्दी," फोटोग्राफर म्हणाला. "अंकल जी के पैर अंदर."

भाऊसाहेबांनी माइक खाली ठेवला आणि पाय परातीत ठेवले. संपदानं तांब्यात बोटाचं टोक बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. वर पाहिलं. भाऊसाहेब कॅमेऱ्याकडे बघत होते.

तिनं पाणी ओतलं. सावकाश, आधी एका पायावर, मग दुसऱ्या.

वाफ वर आली. पुढच्या रांगेतल्या विनयाकाकू शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती काळजीनं गरम पाणी मागवलं पोरीनं." भाऊसाहेब हसतच होते. परातीत पाय बुडाले. पाय चोळायची रीत होती, म्हणून संपदानं हात घातले आणि चोळले. तिचे ओठ घट्ट मिटले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पाहून आणखी चार बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मग तिनं हात काढले, तबकातलं गंध बोटावर घेतलं आणि वडिलांच्या कपाळाला लावलं.

भाऊसाहेबांचं हसू जरासं हललं. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग पायांकडे. मग तिच्या तोंडाकडे. ती त्यांच्याकडे बघत होती. हे किती वेळ चाललं कोण जाणे, पण आरतीचं तबक तयार व्हायला जेवढा लागला तेवढा वेळ तरी पाय परातीत होते. ना त्यांनी काढले, ना तिनं.

दीनानाथ गार पाण्याची बाटली घेऊन आले तेव्हा ओवाळणं चालू होतं.

संध्याकाळी हेमलताबाईंनी नवऱ्याचे मोजे काढले. दोन्ही पावलांवर फोड आले होते. मोज्याबरोबर कातडीही निघाली. डाव्या पायाची जखम चिघळली. गुरुग्रामच्या मोठ्या इस्पितळात आधी एक बोट कापावं लागलं, मग दुसरं. डॉक्टर हेमलताबाईंना म्हणाला, "शुगर के पेशेंट को उबलता पानी? किसी ने हाथ लगाकर देखा नहीं?"

साखर गाळून हे वाक्य मंडळात पोचायला वेळ लागला नाही. पाणी कुणी आणलं? दीनानाथनं. ते इस्पितळात आले, पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि भाऊसाहेबांसारख्या माणसाला आपण अधू केलं म्हणून रडले. "टाळ्यांत संपदाला माझं ऐकूच गेलं नसेल. मी तांब्या ठेवायलाच नको होता." भाऊसाहेबांनी त्यांची पाठ थोपटली. दीनानाथांनी सेक्रेटरीपद सोडलं. वसाहतीच्या बागेत ते दिसेनासे झाले. कुणीतरी त्यांच्यामागे "हलवाई" म्हणायला लागलं.

एका दुपारी हेमलताबाई खाली औषधं आणायला गेल्या. खोलीत दोघंच होती.

"बोटं दाखव," भाऊसाहेब म्हणाले.

संपदानं हात पुढं केले. बोटांची टोकं सोलून नवी गुलाबी कातडी आली होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गंध लावलंस तेव्हा. बोट चटका बसेल इतकं गरम होतं. कपाळाला अजून कळतं."

"मग पाय का नाही काढले?"

"समोर सगळं मंडळ बसलं होतं. काय सांगू त्यांना, मला पाय कळत नाहीत?" ते खिडकीकडे बघत होते. "आणि मला पाहायचं होतं. तू काढतेस का."

संपदानं हात मागे घेतले.

"काढले नाहीस."

"तुम्ही वचन दिलं होतंत."

"हो. आणि मोडलं. बाप आहे, पोरगी हातची जाऊ नये म्हणून मोडलं. तू कशासाठी ओतलंस?"

तिला उत्तर येत होतं. ते तिनं दिलं नाही.

"मुदत अजून आहे ना? कळवतो होकार. पैसेही भरतो. यावेळी मोडणार नाही." ते अगदी शांतपणे बोलत होते, मंडळात बोलत तसं. "फक्त त्याआधी दीनानाथच्या घरी जा. पाणी कडकडीत आहे हे तुला माहीत होतं, एवढं त्याला सांग. खरं बोलणं हाही संस्कारच आहे."

ती दुसऱ्या दिवशी गेली. सांगायचंच असं ठरवून गेली होती. दीनानाथांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं वरखाली लावलेली. ती तोंड उघडायच्या आतच त्यांनी हात जोडले.

"बाळ, सगळे येऊन बोलून गेले. एक तूच मला शब्दानं दुखवलं नाहीस. भाऊसाहेबांची लेक शोभतेस."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. कप गरम होता. संपदानं तो दोन्ही हातांनी धरला, संपवला, आणि "येते काका" म्हणून उठली.

मार्च महिना संपला. हेमलताबाईंनी दिनदर्शिकेचं पान उलटलं. पुण्याला कुणी काही कळवलं नाही.

आता संपदा फरीदाबादच्याच कॉलेजात जाते, घरी राहून. भाऊसाहेब काठी घेऊन मंडळात येतात आणि पूर्वीपेक्षा लोक त्यांचं जास्त ऐकतात. आई-वडिलांसाठी करिअरवर पाणी सोडणारी मुलगी म्हणून मंडळाच्या वार्षिक अंकात संपदाचा फोटो छापला गेला, परातीपुढं वाकतानाचा, वाफेतला. अंकाच्या प्रकाशनाला दीनानाथ आले नाहीत.

डॉक्टरनं सांगितलंय की पाय रोज कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. हे काम हेमलताबाई करायला निघाल्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, "नाही, संपदा करेल." म्हणून रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी ती परात घेऊन येते. शेजारणी दारातून बघतात आणि आपल्या मुलींना सांगतात.

"पाणी कसं आहे?" भाऊसाहेब रोज विचारतात.

"कोमट आहे, बाबा."

ते पाय पुढं करत नाहीत. राहिलेली बोटं आत वळवून बसतात आणि तिच्या तोंडाकडे बघतात. तिथं त्यांना काहीच दिसत नाही.

"आधी तुझा हात घाल."

ती हात घालते. मनगटापर्यंत बुडवते आणि तसाच ठेवते. भाऊसाहेब तिची बोटं बघत राहतात. लाल होतात का, थरथरतात का. पण एकदा चटका सोसलेला हात पुन्हाही सोसू शकतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पाणी निवायला लागतं.

"किती वेळ ठेवू?" ती विचारते.